पाठ फिरवून उभी राहिलेली माणसं

नकाशे काढणाऱ्या बाईला स्वतःला रस्ता सापडत नाही, हा आमच्या घरातला सर्वांत जुना विनोद. मुलाने बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला, घर घेतलं तेव्हा पहिल्याच खेपेला मी ऑटोवाल्याला इतक्या आत्मविश्वासाने रस्ता सांगितला, की आम्ही एकाच उड्डाणपुलाखालून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "अक्का, तुम्ही काम काय करता?" मी खरं ते सांगितलं. पुढचा सगळा वेळ तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा निरोप आला तेव्हा श्रीधर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "लिही. फक्त कुणाला पत्ता सांगू नकोस." हे गृहस्थ पीण्या नावाच्या इथल्या उद्योगवसाहतीत, एका कारखान्यात जन्मभर लोखंड तासून निवृत्त झाले. जिभेची धार तिथलीच.

तर काम काय, ते थोडक्यात. जमीन मोजणारे लोक उन्हातान्हात फिरून आकडे आणतात आणि त्या आकड्यांचा नकाशा आम्ही पंख्याखाली बसून काढतो. मी बेळगावजवळच्या खानापूरची. लग्न होऊन बंगळूरला आले, हातात डिप्लोमा होता, मोजणीची कामं घेणाऱ्या एका ऑफिसात चिकटले ती चिकटलेच. तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढायच्या. चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची, तीही श्वास रोखून, कारण कागद फाटला तर आठवड्याचं काम पाण्यात. आता सगळं कॉम्प्युटरवर. चूक एका बटणात पुसता येते, म्हणून आम्ही निवांतपणे चुकतो.

नकाशा म्हणजे जमिनीचा फोटो असं लोकांना वाटतं. पण त्यातलं निम्मं कुणीतरी सांगितलेलं असतं. येलहंक्याला, आम्ही राहतो तिथे, गल्लीपलीकडे एक आजोबा राहायचे. दर महिन्याला ऑफिसात येऊन म्हणायचे, "बाई, हद्दीची रेघ स्वल्प इकडे घ्या."

"स्वल्प म्हणजे किती?"

"फार नाही. एक पेरूचं झाड आत येईल एवढी."

झाड त्यांच्या भावाचं होतं. मी रेघ हलवली नाही. आजोबा मात्र येताना पेरू आणायचे, त्याच झाडाचे, आणि मी ते खायची. माझं इमान रेघेपुरतंच.

आमच्या कामातला एक नियम इथे सांगायला हवा. नकाशावर एक चौकट असते. कोणती खूण म्हणजे विहीर, कोणती देऊळ, कोणती झाड, हे तिच्यात लिहिलेलं असतं. तिला सूची म्हणतात. शेजारी उत्तर दाखवणारा बाण. ही चौकट कुठे बसवायची, तर जिथे काहीच नाही तिथे. कागदाचा तोल साधला पाहिजे, डोळ्याला बरं दिसलं पाहिजे. माझा हात यात बसलेला होता. आमचे साहेब सगळ्यांना सांगायचे, "सूची कशी बसवावी ते बाईंकडून शिका."

त्या कौतुकाचं पुढे काय झालं, तेच सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी नंदिनी नावाची एक वकील आमच्या ऑफिसात आली. तिशीतली, खांद्यावर दोन पिशव्या, दोन्हींत कागद. म्हैसूरच्या पुढे जंगलात एक हाडी आहे, असं तिने सांगितलं. हाडी म्हणजे तिकडच्या आदिवासींची वस्ती. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. तीसेक घरं, सगळी मध काढणाऱ्यांची. जंगल वाघांसाठी राखून ठेवलं आणि या लोकांना बाहेर जायला सांगितलं. बाहेर माळावर सिमेंटची घरं बांधून तयार होती.

वनहक्क कायद्याप्रमाणे या लोकांना दावा करता येतो, की हे जंगल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो आहोत, ते आमच्याकडे राहू द्या. जुने कागद नसले तरी चालतं. म्हाताऱ्यांची साक्ष, देवाच्या जागा, दफनाच्या जागा, पिढीजात झाडं हाच पुरावा. पण तो नकाशावर दाखवावा लागतो. "मॅडम, नकाशा चांगला हवा," नंदिनी म्हणाली. "तुमची सूची फार छान असते म्हणे."

मोजणीला जाणारा आमचा माणूस नेमका आजारी पडला आणि पंख्याखालच्या बाईला जंगलात जावं लागलं. हातात जीपीएसचं यंत्र होतं, म्हणून मी हरवले नाही.

हाडीत पहिली भेट बोळ्ळम्मा अज्जीशी. केस पांढरेशुभ्र, तोंडात एकच दात, पण त्याचा वापर पुरेपूर. माझं कन्नड बेळगावकडचं. म्हैसूरकडच्या माणसांना ते ऐकून मी भांडायला आले आहे असं वाटतं. अज्जीने पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि लेकीला, पुट्टीला, विचारलं, "ही बाई कुणावर चिडलीय?"

संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर मी अज्जीला विचारलं, बाहेर पक्कं घर मिळतंय, शाळा जवळ, दवाखाना जवळ, तुला नको का? अज्जी म्हणाली, "घराचं मला काही नाही. देतायत, देऊ देत. पण माझा नवरा इथे मातीत आहे. त्याच्या शेजारची जागा माझी. माळावर मेले तर मला इथे कोण आणणार?"

"आणतील की."

"आधी माळावर गेलेल्यांतला एकजण मेला, त्याला आणला होता. जंगलखात्याने फाटक उघडलं नाही." मग चुलीतलं लाकूड आत सरकवत म्हणाली, "जिवंत माणसाला आत यायला पास लागतो. मेलेल्याचा पास कुठे मिळतो, अक्का?"

मी भाकरी खाल्ली.

पाच दिवस आम्ही जंगल पालथं घातलं. प्रत्येक घराची मधाची झाडं ठरलेली. उंचच उंच झाडं, खोडात वरपर्यंत बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या, त्यांवर पाय देत वर चढायचं. घरचं माणूस पुढे व्हायचं, खोडावर हात ठेवायचं, मी यंत्रात जागा नोंदवायची. एक गोष्ट मला खटकत होती. कुणी आपलं झाड दाखवायला लागलं, की बाकीचे सगळे पाठ फिरवून उभे राहायचे. कुणी पान खायचा, कुणी आभाळ बघायचा. मला वाटलं, कंटाळले. मी एकदा खवचटपणे म्हणालेसुद्धा, "जरा इकडेही बघा, तुमच्याच दाव्याचं काम आहे." पुट्टी हसली.

बंगळूरला येऊन मी नकाशा काढला. आयुष्यातला सर्वांत देखणा. मधाची झाडं पिवळी, ओढे निळे, दफनाच्या जागा तपकिरी. बरोबर मध्ये एक मोठा पट्टा रिकामा राहिला होता. तिथे कुणीच काही दाखवलं नव्हतं. मी सूची तिथे बसवली. वर उत्तरेचा बाण, चार बाजूंनी दुहेरी रेघ. साहेबांनी तो नकाशा सगळ्या ऑफिसला दाखवला.

वर्षभराने दावा फेटाळला गेला. नंदिनीने पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. त्याचा मथितार्थ असा, की दावेदारांच्याच नकाशात मधला मोठा भाग मोकळा आहे, तिथे वापराची एकही खूण नाही, तेव्हा हे जंगल सलग त्यांच्या वहिवाटीत होतं असं म्हणता येत नाही. म्हणजे माझी सूची. इतकी ठसठशीत बसवली होती, की कुणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

घरी येऊन श्रीधरला सांगितलं. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. त्याने उठून माझ्यासाठी कॉफी केली, तेव्हा प्रकरण किती वाईट आहे ते मला कळलं.

नंदिनी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने लोकांना हलवायला स्थगिती दिली आणि सांगितलं, अधिकाऱ्यांनी पुन्हा जागेवर जाऊन बघावं, मग अहवाल द्यावा. मुदत थोडी होती. आम्ही दोघी पुन्हा हाडीत गेलो. मी नकाशा अज्जीच्या अंगणात पसरला, मधल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

अज्जीने नकाशाकडे बघितलंही नाही. "ते सोमीच्या बापाचं."

"म्हणजे तिथे झाडं आहेत?"

"सोमीला विचार."

"सोमी कुठे आहे?"

"खूप वर्षांपूर्वी पहिल्यांदा काही घरं हलवली, तेव्हा गेली ती माणसं. कॉफीच्या मळ्यात गेली. मग बंगळूरला."

तेव्हा हळूहळू उलगडलं. दुसऱ्याचं झाड दाखवायचं नाही, ही त्या हाडीची रीत. जो दाखवतो, त्याने ते घेतलं असं होतं. म्हणून धनी आपलं झाड दाखवताना बाकीच्यांनी पाठ फिरवायची: आम्ही बघितलं नाही, आमचा डोळा नाही. सोमीच्या बापाने हाडी सोडली त्याला चाळीस वर्षं झाली, तरी त्याच्या झाडांतला थेंबभर मध कुणी काढला नव्हता. जी जागा सर्वांत काटेकोर सांभाळलेली, तीच मी मोकळी समजून बसले होते.

"अज्जी, मला तेव्हाच सांगायचं नाही का?" मी जवळजवळ ओरडले.

"तू म्हणालीस, तुमची झाडं दाखवा. दाखवली."

नंदिनी काकुळतीला आली. "अज्जी, साहेब येणार आहेत. सगळंच जाईल. तुझी ती नवऱ्याशेजारची जागासुद्धा जाईल. या वेळेपुरती तूच दाखव ना."

काय पणाला लागलंय ते आमच्यापेक्षा अज्जीला जास्त कळत होतं. तरी म्हणाली, "दुसऱ्याचं असताना मी दाखवू? मग ते साहेब वेगळं काय करतायत?"

पुट्टीने तेवढं सांगितलं, की सोमीचा मुलगा बंगळूरला कुठल्याशा कारखान्यात आहे आणि सोमी कँटीनमध्ये. पीण्या म्हणतात त्या भागाला. हे ऐकून मला पहिल्यांदाच श्रीधरच्या नोकरीचा अभिमान वाटला. "पीण्यात माणूस शोधायचं तर चहाच्या सुट्टीत शोधावं," म्हणत तो निघाला आणि दोन दिवसांत सोमीला शोधून काढली.

मी गेले तेव्हा ती परातभर तांदूळ निवडत होती. पन्नाशीची, बारीक, डोक्याला कँटीनची निळी टोपी. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"अक्का, मला रजा मिळत नाही. आणि तेव्हा मी एवढीशी होते. काय दाखवणार?"

"बोळ्ळम्मा अज्जी म्हणते, तू दाखवशील."

तांदळातली बोटं थांबली. "ती जिवंत आहे?"

"चांगली आहे. मला शिव्या देते."

"आमची झाडं आता कुणाकडे?"

"कुणाकडेच नाहीत. त्यांनी मला ती दाखवलीसुद्धा नाहीत. म्हणून तर ही वेळ आली."

सोमीने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला नीट कळलं नाही. मग उठून मॅनेजरकडे गेली. दोन दिवसांची रजा, गावी जमिनीचं काम आहे. बसमध्ये तिने मला सांगितलं, "कँटीनमधले सगळे रजेला हेच कारण देतात. मला कधी देता आलं नव्हतं."

पाहणीच्या दिवशी अधिकारी आले. वाईट माणूस नव्हता. गुडघे दुखत होते, बगलेत फाईल, फाईलमध्ये माझा नकाशा. सगळी हाडी मागे. सोमी पुढे. मधल्या पट्ट्यात घाणेरीची झुडपं डोक्याएवढी माजली होती. सोमी एका झाडापाशी थांबली, मान हलवली, पुढे गेली. दुसऱ्यापाशी थांबली. तेही नव्हतं. तास झाला, दीड तास झाला. अधिकारी घड्याळ बघायला लागले. माझ्या यंत्रात जगातली सगळी ठिकाणं होती, ते एक झाड सोडून.

मला राहवेना. अज्जीला नुसती खूण करायला सांगावं, डोळ्याने, कुणाला कळणार नाही अशी, म्हणून मी मागे वळले. अज्जी आमच्याकडे पाठ करून उभी होती. पुट्टीही. सगळी हाडी. इतकी माणसं घाणेरीत पाठमोरी उभी, आणि एकही चुळबुळ नाही.

सोमीने ते बघितलं. मग तिने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी ओढ्यात उतरली. थोडं वर गेल्यावर एक सपाट खडक होता. त्यावर ती बसली, लहान मुलं बसतात तशी, गुडघे जवळ घेऊन. "बाबा वर चढायचा तेव्हा मी इथे बसायची," ती म्हणाली. "वर बघू नकोस म्हणून आई सांगायची. मी बघायची." आणि तिने वर बघितलं.

झाड काठालाच होतं. आम्ही त्याच्या जवळून दोनदा गेलो होतो. खुंट्या दिसत नव्हत्या. सोमीने खोडावर तळवा ठेवला आणि वर सरकवला. हातभर अंतरावर एक एक टेंगूळ. "बाबाच्या खुंट्या," ती म्हणाली. "झाडाने गिळल्या." अधिकाऱ्यांनी फाईल माझ्याकडे दिली आणि स्वतः हात फिरवून बघितला, एकदा, मग पुन्हा. वर फांद्यांना पोळी लोंबत होती, मोजताना मान अवघडली.

अधिकाऱ्यांनी अज्जीला विचारलं, "तुम्हाला हे झाड माहीत होतं?"

अज्जी पाठमोरीच होती. म्हणाली, "आता तिने दाखवलं. आता माहीत झालं."

एक सापडल्यावर बाकीची झाडं सोमीला आपोआप सापडत गेली. तिच्या आजीला पुरलेली जागासुद्धा. मी नोंदी घेत होते आणि यंत्राची काच पुन्हा पुन्हा पुसत होते. दमट हवा असते तिकडे.

अहवालात हे सगळं आलं. ती रीतही आली, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. न्यायालयाने फेटाळल्याचा आदेश रद्द केला, दावा नव्याने ऐका म्हणून सांगितलं, आणि तोवर कुणाला हलवायचं नाही. नंदिनी म्हणाली, अर्धं जिंकलो. अज्जीला फोनवर कळवलं तर तिने विचारलं, "अर्धं म्हणजे फाटकाच्या आतलं की बाहेरचं?"

"आतलं, अज्जी."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि फोन पुट्टीला दिला.

नवा नकाशा मी काढला तेव्हा सूची वेगळ्या कागदावर केली. साहेब कुरकुरले. "बाई, वरच्या कोपऱ्यात एवढी पांढरी जागा आहे, तिथे बसवा की." मी म्हटलं, "ती कुणाची आहे ते मी अजून विचारलेलं नाही." साहेबांना वाटलं, माझं निवृत्तीचं वय झालं. झालंच होतं जवळजवळ.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. मूळ नकाशा नीट काढला असता तर मधली वर्षं वाचली असती का, हा प्रश्न मी नंदिनीला एकदा विचारला. ती सभ्य मुलगी आहे, तिने विषय बदलला.

गेल्या उन्हाळ्यात सोमीचा फोन आला. "अक्का, नकाशात एक खूण वाढवायचीय."

मला कळलं. विचारलं, "कुठे?"

"ते मी कसं सांगू? पुट्टीला घेऊन येते."

रविवारी दोघी येलहंक्याला आमच्या घरी आल्या. पुट्टी वकिलाकडे सह्यांसाठी आलीच होती. अज्जी झोपेत गेली होती, आपल्या घरात. फाटकाचा प्रश्न आला नाही, कारण ती आतच होती. मी जेवणाच्या टेबलावरची भांडी हलवून नकाशा पसरला आणि तपकिरी पेन्सिल घेतली. पुट्टी वाकली, ओढा शोधला, ओढ्यावरून दफनाची जागा शोधली, बापाची खूण शोधली.

सोमी उठली. खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून बाहेर बघत उभी राहिली. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे येत होता, तोच बघत असावी. श्रीधर कॉफीचे पेले घेऊन दारात आला होता. त्याने एकदा टेबलाकडे बघितलं, एकदा सोमीकडे, आणि पेल्यांसकट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पुट्टीने बोट ठेवलं. मला मात्र बघावं लागलं. खूण काढायची होती.